तुर्काशी दिलजमाई

एकोणीसशे एकाहत्तरच्या डिसेंबरात आमच्या चाळीतल्या बायका पाकिस्तानला शिव्या घालत होत्या, तेव्हा मनकर्णाआक्का एकटी तुर्काची चौकशी करत होती.

सकाळी मी ओट्यावर पेपर उघडला की ती समोर येऊन बसायची. तोंडात मशेरी असायची, म्हणून आधी हातानंच खुणावायची. मग चूळ भरून विचारायची, “कोंडीबा, तुर्काचं काय आलंय?”

“आक्का, लढाई पाकिस्तानशी चाललीय.”

“ते मला ठावं हाय. तुर्क कुणाकडं हाय, तेवढं सांग.”

शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडायचं, “आक्का, तुर्काला लग्नाची पत्रिका धाडायची हाय का?” सगळी चाळ हसायची. आक्काही हसायची, पण उत्तर घेतल्याशिवाय उठायची नाही.

आक्का आणि मी एकाच गावचे. मंगळवेढ्याच्या पलीकडचं कोरडवाहू गाव. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. पुढं दोघंही सोलापूरच्या मिलला लागलो, ती सूत गुंडाळायच्या खात्यात आणि मी मागावर. चाळीशी उलटल्यावर मी अक्षरं शिकलो आणि तेव्हापासून चाळीला पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं. आक्कानं मात्र पेपरातलं एकच कोपऱ्यातलं जग धरून ठेवलं होतं.

तिचा नवरा भीमराव पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याला गेला. आक्का नांदायला येऊन वर्षही झालं नव्हतं. तिथं कूत नावाच्या गावात इंग्रजांच्या फौजेला तुर्कांनी वेढा घातला. धान्य संपलं, मग खेचरं कापून खाल्ली, मग तीही संपली आणि फौज शरण गेली. तुर्कांनी धरलेल्या माणसांना वाळवंटातून चालवत नेलं. लढाई मिटल्यावर मोडनिंबचा एक शिपाई परत आला. आक्काच्या सासऱ्यानं त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, “भीमराव मला शेवटचा दिसला तवा चालत हुता.” त्याच्यापुढचं त्याला काही माहीत नव्हतं. सरकारनं एवढंच कळवलं की माणसाचा पत्ता लागत नाही.

“चालत हुता” या दोन शब्दांवर आक्कानं कुंकू ठेवलं.

तिला कुणी वेडी म्हणत असे, पण तिचा हिशेब वेडा नव्हता. तो आमच्या गावचा हिशेब होता. आमच्याकडं दोन भावक्यांचा तंटा पेटला की एकमेकांचं अडकवून ठेवायची रीत होती. कुणाचे बैल कोंडायचे, कुणाची मोट उतरवून न्यायची, बाळंतपणाला आलेली लेक सासरी धाडायची नाही. वर्षानुवर्षं असं चाले. मग कुणीतरी मध्ये पडून दिलजमाई करायचं आणि दोन्ही बाजू एका पंगतीला बसायच्या. पण पहिला घास उचलायच्या आधी अडकवलेलं सगळं परत करायचं. बैल दारात आणून बांधायचे, लेकीला गाडीत बसवायचं. पानं वाढलेली असायची, भात निवत असायचा, तरी कुणी हात लावायचं नाही. मी लहानपणी स्वतः पाहिलंय, एक म्हातारा पानावर बसून ओरडत होता, “माजी पांढरी गाय कुटं हाय? ती आल्याबिगर मी जेवणार न्हाय!”

आक्का म्हणायची, राजे काय आणि पाटील काय, माणसंच की. इंग्रजानं तिच्या मालकाला नेलं, तुर्कानं अडकवून ठेवलं. एक दिवस दोघांची दिलजमाई होईल, पंगत बसेल, त्या दिवशी इंग्रज म्हणेल, माझी माणसं आणा. तो दिवस कधी उजाडतो, एवढंच तिला बघायचं होतं.

म्हणून मताचा शिक्का कसा मारतात हे न कळणाऱ्या त्या बाईला जगातल्या दोस्त्या-दुष्मन्या पाठ होत्या. पहिलं युद्ध संपलं तेव्हा तुर्क हरला असं तिला सांगितलं गेलं. ती वाट बघत राहिली. मग कळलं की नवा तुर्क उठलाय आणि त्यानं इंग्रजाच्या बाजूच्या लोकांना समुद्रात लोटलंय. ती म्हणाली, “म्हंजी मिटलं न्हाय अजून.” दुसऱ्या लढाईत ती मिलमध्ये ज्याला-त्याला विचारायची. तुर्क कुणाकडूनच उतरला नाही असं ऐकलं, तेव्हा म्हणाली, “फुगून बसलाय.” सत्तेचाळीस साली इंग्रज निघाला म्हणून सगळी मिल नाचत होती, आणि आक्का सुताच्या गाठोड्यावर बसून रडत होती. “नेणारा निघाला,” ती म्हणत होती, “आता मागणी कुणी करायची?”

त्यावरही तिनं तोड काढली. इंग्रज कुठंही असला तरी त्यानंच नेलंय, त्यानंच मागायचं. देश सोडला म्हणून माणसाची जबाबदारी सुटत नाही.

आता एकाहत्तरच्या डिसेंबरात तिच्या घरात लगीन होतं. घर म्हणजे तिच्या पुतण्याचं, मानसिंगचं. मानसिंगची आई तो रांगत असताना गेली, त्याला आक्कानंच वाढवलं. त्याची थोरली पोर शेवंता दुधनीच्या एका घरात दिली होती. तारीख ठरली तेव्हा लढाईचं नाव नव्हतं. लढाई आली आणि रस्त्यावरचे दिवे काळे झाले, रेल्वेचा भरवसा उरला नाही. म्हणून नवरदेवाकडची मंडळी एक दिवस आधीच येऊन राहिली. त्यामुळं नवरदेवाची आई रंभाबाई घाणा भरायच्या वेळी आमच्या चाळीच्या अंगणात हजर होती. एरवी ती तिथं असायचं कारणच नव्हतं.

घाणा म्हणजे लग्नाची पहिली हळद. मुसळांना आंब्याची पानं आणि हळकुंड बांधायचं, पाच सवाशिणींनी मिळून उखळात हळद कांडायची. पहिला हात आक्काचा, हे शेवंतानं लहानपणापासून ठरवून ठेवलं होतं.

आक्कानं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिनं मुसळाला हात लावला आणि रंभाबाईनं वच्छलेला, म्हणजे मानसिंगच्या बायकोला, कोपरानं ढोसलं.

“विहीणबाई, ह्या आक्कांचं मालक कुटं दिसलं न्हाईत.”

“लढाईवर गेल्यात,” वच्छला हळूच म्हणाली.

“आगं बया! ह्या वयात? ह्या लढाईवर?”

“न्हाय. पयल्या.”

“पयल्या म्हंजी चीनच्या?”

“त्याच्या बी आदीच्या. इंग्रजाच्या.”

रंभाबाईनं तोंडावर पदर घेतला. “यव्वा! त्या लढाईला माझ्या सासूचं लगीन बी झालं नव्हतं!”

दोन-चार बायका फिसकन हसल्या. रंभाबाई हसली नाही. ती सरळ बाई होती, मनात एक आणि तोंडात एक असं तिचं नव्हतं. ती म्हणाली, “राग मानू नका विहीणबाई. माझा एकच ल्योक हाय. पयला हात घालणाऱ्या बाईचं कुंकू कसं धडधडीत पायजे. हितं मालकाला बघून पन्नासच्या वर वर्सं झाली. मला भ्या वाटतंय.”

वच्छलेचे डोळे भरले. “आक्कांनी माझ्या मालकाला वाढवलंय. त्येंनी हात लावला न्हाय तर पोरगी हळद लावून घ्यायची न्हाय.”

“मी वंगाळ बोलत न्हाय. एका जाणत्या माणसानं मला सांगावं, त्यो जित्ता असू शकतोय. मग मी गप बसते.”

आक्का मुसळ धरून तशीच उभी होती. मग वच्छलेनं माझ्याकडं पाहिलं. “कोंडीबामामा, तुमी पेपर वाचता. तुमीच सांगा की.”

मी ओट्यावरून उठलो. आमच्या गल्लीच्या तोंडाला पंचाक्षरी मास्तर राहायचे, शाळेत इतिहास शिकवायचे. आक्काच्या प्रश्नांमुळं मी त्यांच्याकडं बरीच वर्षं जात होतो, म्हणून माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं. मला वाटलं, बायकांना सगळं नीट उलगडून सांगावं म्हणजे शंका राहणार नाही.

“त्या लढाईचं मूळ ऐका,” मी म्हणालो. “तिकडं युरोपात ऑस्ट्रिया म्हणून राज्य होतं. त्याच्या युवराजाला एका पोरानं गोळी घातली. पोरगा सर्बियाच्या बाजूचा. म्हणून ऑस्ट्रिया सर्बियावर धावला. सर्बियाचा पाठीराखा रशिया, तो उठला. ऑस्ट्रियाचा पाठीराखा जर्मनी, तो उठला. रशियाचा दोस्त फ्रान्स. फ्रान्सवर जायला जर्मनी मधल्या बेल्जियममधून घुसला, तसा इंग्रज उठला. मग तुर्क जर्मनीकडून उतरला.”

“आन ज्याला गोळी घातली त्यो आपल्या आक्काच्या मालकाचा कोण?” रंभाबाईनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मग ह्ये कशाला गेलं?”

“बसऱ्याच्या बाजूला तेल निघतं. इंग्रजाच्या आगबोटींना ते लागायचं. तुर्कानं ते घेऊ नये म्हणून इंग्रजानं आपल्या पलटणी तिथं उतरवल्या.”

“म्हंजी गोळी तिकडं घातली, तेल भलतीकडं, आन माणूस मंगळवेढ्याचा!” एक बाई म्हणाली.

“पुढची गंमत ऐका. इंग्रजांचा राजा आणि जर्मनीचा राजा आतेमामेभाऊ. इंग्रजांचा राजा आणि रशियाचा राजा मावसभाऊ.”

रंभाबाईनं कपाळावर हात मारला. “आगं, भावकीच की गं ही! बांधावरून डोकी फोडत्यात तसली!”

आता सगळ्याच हसल्या. आक्काही थोडी हसली. मला जोर आला.

“ते मोडलं सगळं. रशियात राजा राहिला नाही. जो रशिया तेव्हा इंग्रजाचा सोबती होता, तो आता त्याचा वैरी. आणि तोच रशिया गेल्या ऑगस्टात आपला दोस्त झालाय, करार केलाय आपल्याशी. अमेरिकेनं दुष्काळात आपल्याला गहू दिला, आता तीच अमेरिका पाकिस्तानसाठी आरमार पाठवायला निघालीय. चीन एकेकाळी आपला भाऊ म्हणायचा, तो तिकडं आहे.”

“ह्येंचा काय एक ठिकाणा न्हाय का?” वच्छला म्हणाली.

“मी म्हणतो ते नीट ऐका. तुर्क आज कुठं आहे? पाकिस्तानच्या गटात. म्हणजे तुर्काचं आणि आपलं मिटलेलं नाही. मिटलेलं नाही म्हणजे धरून नेलेली माणसं तो सोडणार नाही. भीमराव आज असले तर पंचाहत्तरीच्या आसपास असतील. तेवढी माणसं जगतात की. मग जिवंत नाहीत असं कशावरून म्हणायचं?”

रंभाबाईनं मान हलवली. तिला ते पटलं होतं. तिनं पदर खोचला आणि दुसरं मुसळ उचलायला वाकली. वाकता वाकता सहज म्हणाली, “आन पाव्हणं, त्या गटाचा म्होरक्या कोण हाय?”

“मागं अमेरिका. गटात पाकिस्तान, इराण, तुर्क आणि इंग्रज.”

मी हे अगदी सरळ बोलून गेलो. पेपरात छापून येत होतं, मास्तरांनीही सांगितलं होतं. माझ्या डोक्यात पाकिस्तान होता.

“कोण?” आक्का म्हणाली.

“काय कोण?”

“शेवटचा कोण म्हणलास?”

“इंग्रज.”

“इंग्रज आन तुर्क?”

“हो.”

“एका गटात?”

तेव्हा मला कळलं, मी काय बोलून बसलो ते.

“कोंडीबा, मी इचारतीया. एका पंगतीला बसत्यात व्हय दोगं?”

“बसतात.”

“कवापासनं?”

“मास्तर म्हणाले होते… सोळा-सतरा वर्षं झाली असतील.”

उखळाशेजारी बसलेल्या पोरीनं हळकुंडाची पाटी धरली होती, ती तशीच राहिली. आक्का माझ्याकडं बघत होती, पण मला बघत नव्हती.

वच्छला म्हणाली, “आक्का, आवं, त्यो काय खरा गट न्हाय. पेपरात काय बी छापत्यात.”

“थांब गं,” आक्का म्हणाली. तिनं मुसळ उखळात नीट टेकवलं. “पंगतीला बसला म्हंजी त्यानं मागितलं आसणार. न मागता घास कोण उचलतंय? त्यानं मागितलं आसंल, आन तुर्कानं सांगितलं आसंल, आता माणूस उरला न्हाय.” मग तिनं आम्हा सगळ्यांसमोर नवऱ्याचं नाव घेतलं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, तिच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नव्हतं. “भीमराव मेलं,” ती म्हणाली.

वच्छलेनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. रंभाबाई तर खालीच बसली. जी बाई घटकाभरापूर्वी अडून बसली होती, तीच आता आक्काचा पदर धरून म्हणत होती, “आक्का, असं करू नका. मी चुकले. मला बाईमाणसाला काय कळतंय? तुमीच घाला पयला हात.”

“न्हाय बाय. तुझं बरुबर हाय. पोरीच्या हळदीला खोट नको.”

अंगणाच्या कडेला दानम्मा उभी होती. ती चाळीत नवी होती, अक्कलकोटकडची. तिचा नवरा शिवपुत्र लष्करात, पंजाबच्या बाजूला कुठंतरी लढत होता. लढाई लागल्यापासून त्याचं पत्र नव्हतं. ती मुद्दाम मागं उभी होती. अशा वेळी आपल्याला कुणी बोलावू नये आणि कुणी टाळूही नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

आक्का तिच्याकडं गेली आणि तिचा हात धरला. “तू ये.”

“नको अव्वा,” दानम्मा मागं सरकली. “माझं काय खरं हाय? पत्र न्हाय, काय न्हाय.”

“तुझं कुंकू खरं हाय. तुझा तंटा चालू हाय अजून. त्यो मिटंपातुर तुझा मालक जित्ता हाय.”

आक्का हे मायेनंच बोलली. पण ते ऐकून दानम्माच्या ओठांचा रंग उडाला. आठ-दहा दिवस सगळी चाळ देवाला लढाई संपव म्हणून सांगत होती. दानम्मा तर सगळ्यात जास्त. तिनं मुसळ उचललं, बाकीच्या चौघींनी हात लावले, हळद कांडली गेली. गाणं म्हणायची रीत असते. ते कुणी म्हटलं नाही.

लग्न पार पडलं. आक्कानं शेवंताच्या अंगावर अक्षता दुरून टाकल्या. कुंकू तिनं त्या दिवशी पुसलं नाही. लग्नाचं घर भरलेलं असताना असलं काही करायचं नाही, म्हणाली.

दोनच दिवसांनी ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आल्याची बातमी रेडिओवर आली. सोलापुरात लोक रस्त्यावर उतरले. हॉटेलवाल्यानं फुकट चहा वाटला, मिलचा भोंगा वेळ नसताना वाजला. मी पेढे घेऊन चाळीत आलो. सगळी दारं उघडी होती, दानम्माचं बंद होतं. मी हाक मारली तेव्हा तिनं फट पाडली.

“मामा, मिटलं का?”

“मिटलं. जिंकलो आपण.”

“दिलजमाई झाली?”

शरण येणं आणि दिलजमाई होणं यातला फरक तिला समजावावा, तर तो मलाच धड सांगता आला नसता. तिनं पेढा घेतला, तो हातातच धरून दार लावून घेतलं.

पौष लागल्यावर आक्का म्हणाली, “कोंडीबा, आता करून टाकू.” ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात, नारळाचं डोकं लावतात. मानसिंग अग्नी देणार होता. आम्ही गुरुजींकडं गेलो. गुरुजींनी विचारलं, “तिथी कोणती धरायची? कधी गेले?”

आक्का म्हणाली, “ज्या दिवशी इंग्रजाची आन तुर्काची दिलजमाई झाली, त्या दिवशी कळायला पायजे हुतं. ती धरा.”

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, “मास्तरांना विचारून येतो.”

पंचाक्षरी मास्तर जेवत होते. माझा प्रश्न ऐकून त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “कोंडीबा, मी तुम्हाला सोळा-सतरा वर्षांमागच्या बगदादच्या कराराचं सांगितलं होतं. तो नंतरचा. पहिली दोस्ती त्याच्या कितीतरी आधीची.” त्यांनी हात धुतला आणि आतून एक पुस्तक आणून सांगितलं. दुसरं महायुद्ध सुरू होऊन दीडेक महिना झाला होता. जर्मनी पुढं सरकत होता. तुर्क पुन्हा जर्मनीकडं जाईल अशी इंग्रजांना धास्ती होती, म्हणून इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क यांनी एकमेकांच्या मदतीचा करार केला. एकोणीसशे एकोणचाळीस, ऑक्टोबरची एकोणीस तारीख.

“पण तुर्क तर लढाईत उतरलाच नव्हता,” मी म्हणालो.

“उतरला नव्हता. करार झाला होता.”

मी परत जाताना दोन-तीनदा थांबलो. आक्काला सोळा-सतरा वर्षं सांगितली होती, तीच राहू द्यावी असं वाटलं. पण तिथी तर द्यायची होती, आणि चुकीच्या तिथीला तिच्याकडून पाणी सोडवायचं हे मला जमणार नव्हतं. मी सांगितलं.

गुरुजींनी माळ्यावरून जुनं पंचांग काढलं, धूळ झटकली, बोट फिरवलं. “आश्विन शुद्ध सप्तमी.”

“सातवी माळ,” आक्का म्हणाली. नवरात्रात ती दिवस माळांनीच मोजायची. गुरुजींनी पंचांग मिटलं.

“त्या साली सातव्या माळेला मी तुळजापुरात हुते,” ती म्हणाली. “मिलमधनं सुट्टी घेऊन पायी गेले हुते. मला तितं कुणी सांगितलं न्हाय.”

“कुणाला ठाऊक होतं आक्का?”

“इंग्रजाला ठाऊक हुतं की.” ती माझ्याकडं वळली. “कोंडीबा, त्या साली इंग्रज हितंच हुता. कलेक्टर हितं ऱ्हायचा, आमच्या मिलच्या पुढनं गाडी जायाची त्याची. घास उचलला, आन हितं चालत येऊन एक शब्द सांगायला काय झालं हुतं? माणूस न्हाय म्हणायला काय झालं हुतं?”

गुरुजी पंचांग पुन्हा फडक्यात बांधू लागले.

“त्यानं मागितलंच न्हाय,” आक्का म्हणाली. घाण्याच्या दिवशी ती खचली नव्हती, आता खचली. गुरुजींच्या ओसरीवर भिंतीला टेकून खाली बसली. “कुणाची पांढरी गाय आसती तर मागितली आसती.”

मंगळवेढ्याच्या एस. टी. नं आम्ही तिऱ्ह्याला उतरलो, सीनेच्या काठी. नदीत पाणी थोडं होतं, दगड उघडे पडले होते. मानसिंगनं पळसाची पानं लावली, गुरुजी मंत्र म्हणत होते. नारळ ठेवला तेव्हा ते माणसासारखं दिसू लागलं, आणि मानसिंगनं मान फिरवली. ज्या चुलत्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं त्याच्यासाठी तो रडत होता. आक्का रडली नाही. बांगड्या फोडायला बाई आणली नव्हती. तिनंच त्या एकेक करून काढल्या. तिचे हात इतके वाळले होते की कुठं अडकल्या नाहीत. मग पाण्यात पदर बुडवून तिनं कपाळ पुसलं. तिथं गोल पांढरट डाग राहिला, बाकीचं कपाळ उन्हानं रापलेलं होतं.

परतीच्या एस. टी. त ती खिडकीशी बसली. सोलापूर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं, “दानम्माच्या मालकाचं पत्र आलं का रं?”

“नाही अजून.”

“लढाई तर थांबली.”

“थांबली.”

मानसिंग गुरुजींना पोचवायला गेला; चाळीच्या तोंडाशी आम्ही दोघं पोहोचलो तर दुपार होती. दानम्मा आपल्या दारात गहू निवडत बसलेली लांबून दिसली. आक्का जागीच थांबली. तिनं पदर पुढं ओढून कपाळ झाकलं, पण पदर वाऱ्यानं मागं सरकत होता.

“तू जा म्होरनं,” ती मला म्हणाली. “ती इचारंल तर सांग, मी मानसिंगबरुबर मागनं येतीया.”

आणि ती मागच्या गटाराच्या कडेनं, भिंतीला हात लावत, संडासांच्या बाजूनं आपल्या खोलीकडं निघाली.